बनावट अँटिव्हायरस: घाबरून केलेल्या या चुका टाळा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक लाल चौकट वर सरकते. त्यात एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह, त्याखाली ‘5 व्हायरस सापडले, तुमचं संरक्षण आज संपतंय’ असा मजकूर आणि ‘रिन्यू’चं बटण. एक बंद केली की थोड्या वेळाने दुसरी हजर. इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात ओळखीच्या घरचे कॉम्प्युटर बघायला जातो, तेव्हा सगळ्यात जास्त तक्रार हीच ऐकू येते. मुलं पुण्याला किंवा परदेशी, घरी आई-बाबा आणि मुलाने मागच्या सुट्टीत घेऊन दिलेला लॅपटॉप. वापर तरी किती? विजेचं बिल, पेन्शनचा हयातीचा दाखला, नातीशी व्हिडिओ कॉल आणि यूट्यूबवरची जुनी नाटकं. एवढ्यात व्हायरस आला कुठून, असं सगळे विचारतात. बहुतेक वेळा उत्तर असतं: आलेलाच नाही.

खरं नुकसान होतं ते ती चौकट बघितल्यानंतरच्या अर्ध्या तासात, आणि ते आपल्याच हातून होतं. त्या चौकटीचं कामच मुळी आपल्याला घाई करायला लावणं हे आहे.

धंदा जुना आहे. ‘विनफिक्सर’ आणि ‘अँटिव्हायरस एक्सपी 2008’ ही बनावट अँटिव्हायरसची नावं जुन्या सायबर कॅफेवाल्यांना आठवत असतील. विनफिक्सर विकणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) 2008 मध्ये खटला भरला आणि 2012 मध्ये न्यायालयाने 16 कोटी 30 लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. आमच्या मॅकला काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी 2011 मध्ये ‘मॅक डिफेंडर’ येऊन गेला. तो काढण्यासाठी अ‍ॅपलला खास अपडेट द्यावा लागला. अगदी अलीकडे, मार्च 2024 मध्ये, रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी त्याच कमिशनशी 2 कोटी 60 लाख डॉलरवर तडजोड केली. खोट्या इशाऱ्यांनी घाबरवून दुरुस्तीची सेवा विकली, असा त्यांच्यावर आरोप होता. म्हणजे समोर रीतसर वेबसाइट आहे, पावती मिळते आहे, एवढ्यावर विश्वास टाकता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक: तीन वेगळ्या गोष्टींना एकच समजणं

‘व्हायरस आलाय’ म्हणून जे दाखवलं जातं ते तीनपैकी एक असतं: नुसतं वेबपेज, ब्राउझरचं (क्रोम, एज वगैरेचं) नोटिफिकेशन म्हणजे सूचना किंवा खरोखर कॉम्प्युटरमध्ये बसलेला प्रोग्राम. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिल्या दोन्हींत कॉम्प्युटरला काहीही झालेलं नसतं, पण लोक तिसरा प्रकार समजून धावाधाव करतात आणि त्या धावाधावीत तिसरा प्रकार स्वतःच घरात आणतात.

वेबपेजचा प्रकार सगळ्यात नाटकी. स्क्रीन पूर्ण भरते, भोंगा वाजतो, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं लिहिलेलं असतं आणि ठळक अक्षरांत फोन नंबर. मध्ये एक हिरवी पट्टी सरकत ‘स्कॅन’ करत असते. ते स्कॅन म्हणजे चित्र आहे. वेबपेजला तुमच्या हार्ड डिस्कमध्ये डोकावताच येत नाही. हेच पान मोबाइलवर उघडलं तरी ते ‘सी ड्राइव्ह तपासत आहे’ असंच म्हणतं, आणि मोबाइलला सी ड्राइव्ह नसतोच.

तिथे ‘कॅन्सल’ किंवा चौकटीतल्या फुलीवरही क्लिक करू नका, कारण ती फुलीही बरेचदा त्याच चित्राचा भाग असते. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटते. नाही सुटली तर अल्ट आणि एफ4. तेही नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझरला ‘एंड टास्क’ करा. पुन्हा उघडताना ब्राउझर विचारेल, ‘आधीची पानं परत आणू का?’ नाही म्हणायचं. इथे बरेच जण चुकतात आणि तो भोंगा पुन्हा सुरू होतो.

‘अरे, मी तर फक्त मी रोबोट नाही एवढंच सांगितलं’

नोटिफिकेशनवर जरा जास्त थांबतो, कारण सध्या घरोघरी दिसतो तो हाच प्रकार. एका काकूंच्या लॅपटॉपवर लाल चौकटींचा नुसता पाऊस चालला होता. त्यांनी काही डाउनलोड केलं नव्हतं की कुठे पैसे भरले नव्हते. पंचांगाची पीडीएफ शोधता शोधता एका साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं, त्यांनी दाबलं. काकू सरळ स्वभावाच्या, रोबोट नव्हत्याच.

तो ‘अलाउ’ रोबोटसाठी नव्हता. त्या साइटला या कॉम्प्युटरवर वाटेल तेव्हा सूचना पाठवायची परवानगी त्याने दिली. मग ती साइट अँटिव्हायरसच्या नावाने चौकटी पाठवत राहते आणि त्या विंडोजच्याच चौकटींसारख्या दिसतात. ओळखायची खूण एकच, पण पक्की: मजकुराच्या आसपास बारीक, फिकट अक्षरांत ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ लिहिलेलं असतं आणि सोबत एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता. चष्मा लावून तेवढं वाचलं की निम्मी भीती तिथेच जाते. खऱ्या अँटिव्हायरसची सूचना क्रोमच्या नावाने येणार नाही.

काढायला फार तर दोन मिनिटं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. ओळखीचं नाव नसेल ते काढून टाका. मग त्याच पानावर, कोणत्याच साइटने नोटिफिकेशन पाठवू नये असा पर्याय निवडून ठेवा. बातम्यांच्या साइटसुद्धा पाठवू शकणार नाहीत, पण त्यावाचून कोणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. त्या काकूंच्या यादीत डोळे फिरतील इतक्या साइट होत्या. सगळ्या काढल्यावर ‘व्हायरस’ तत्काळ बरा झाला.

स्क्रीनवरच्या नंबरवर फोन करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत किंवा एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला म्हणजे प्रश्नच मिटला, खोटं आहे.

फोन केला तर पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो. तो एनीडेस्कसारखं काहीतरी उतरवायला सांगतो आणि त्यात दिसणारा नंबर विचारून कॉम्प्युटर ताब्यात घेतो. (एनीडेस्क स्वतः वाईट नाही, पुण्याहून मुलगाही त्यातूनच दुरुस्ती करून देतो. कोणाला आत घेतोय एवढाच प्रश्न.) मग तो विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो: हे बघा सर, किती व्हायरस! त्या खुणा ठणठणीत कॉम्प्युटरवरही ढिगाने असतात. एखादा प्रिंटर वेळेवर सापडला नाही तरी तिथे नोंद होते. आज स्वतःच उघडून बघून ठेवा, म्हणजे उद्या कोणी दाखवून घाबरवू शकणार नाही.

अशी कॉल सेंटरं आपल्याकडेही आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-2’मध्ये अशांवर देशभर छापे घातले होते.

फोन करून झाला असेल, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी दिला असेल, तर लाजत बसू नका. आधी वाय-फाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर कार्डाच्या मागचा घ्या, गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर लावलेले असतात. मग 1930 वर तक्रार नोंदवा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ‘संध्याकाळी मुलाला विचारून बघतो’ यात पैसे जातात. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून.

काढायचं औषध शोधता शोधता दुसरा घरात आणणं

कॉम्प्युटरवर ‘अमुक क्लीनर प्रो’ दिसतोय म्हणून लोक गूगलवर ‘अमुक क्लीनर प्रो कसा काढावा’ शोधतात. वरच्या काही साइट अगदी पायरीपायरीने मार्गदर्शन करतात, फोटोंसकट, आणि तिसऱ्या पायरीला ‘आमचं मोफत टूल उतरवा’. ते टूल स्कॅन मोफत करतं, काढायचे पैसे मागतं. म्हणजे तेच, नाव वेगळं. मोफत साधन हवंच असेल तर सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे, 2017 पासून सुरू, तिथून घ्या. बहुतेक घरांत तेही लागत नाही, कारण विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो.

खरोखर बसलेला प्रोग्राम कसा ओळखायचा? ब्राउझर बंद असतानाही खिडकी येते, घड्याळाजवळ त्याचं चिन्ह असतं, कॉम्प्युटर सुरू होताच तोच आधी उगवतो. विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच सुरक्षेच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्जखाली ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे, तिथे खऱ्या अँटिव्हायरसचं नाव सहसा असतं. या बहाद्दरांचं नसतं.

एक अपवाद सांगायलाच हवा. नवीन लॅपटॉपसोबत नामांकित अँटिव्हायरसची काही दिवसांची चाचणी प्रत येते आणि ती संपत आली की तीही भंडावून सोडते. ती खरी असते, व्हायरस नव्हे. पैसे भरायचे नसतील तर सरळ अनइन्स्टॉल करा, डिफेंडर आपोआप काम हाती घेतो. जास्त सुरक्षा म्हणून एकावर एक दोन-तीन बसवू नका. एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि कॉम्प्युटर रेंगाळतो.

बनावट प्रोग्राम काढायला सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. कटकट सुरू झाली त्या दिवसाच्या आसपास आलेलं जे जे अनोळखी, ते काढा. काढताना एक चलाखी असते: मोठं हिरवं बटण ‘संरक्षण चालू ठेवा’चं आणि खरं ‘काढा’ कोपऱ्यात करड्या रंगात. घाईत हिरवं दाबलं जातं आणि मग ‘काढला तरी जात नाही’ अशी तक्रार येते. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

प्रोग्राम दादच देत नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात सेफ मोड (यात विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं) निवडून तिथे काढा. मात्र नव्या लॅपटॉपवर मध्येच ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ (कुलूपबंद डिस्क उघडायची किल्ली) मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि आपल्याकडे ते खातं बहुधा मुलाच्या नावावर असतं. त्याला आधी फोन लावा, मग रीस्टार्ट करा.

काढल्यावर उरणारी दुखणी

प्रोग्राम गेला आणि इंटरनेटही गेलं, असं झालं तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (इंटरनेटला जाताना लागणारा मधला थांबा) बघा. हे प्रोग्राम तिथे स्वतःचा पत्ता घालतात आणि जाताना तो तसाच राहतो. प्रॉक्सी बंद केली की नेट चालू. फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्याच साइट उघडत नसतील तर विंडोजच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये (कोणत्या साइटसाठी कुठे जायचं हे यात लिहिता येतं) ढवळाढवळ झालेली असू शकते. ते काम जाणकाराकडून करून घ्या.

काढलेलं पुन्हा येतंय? क्रोमची एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) बघा. गूगल खात्यातून ती सिंक होतात, त्यामुळे लॅपटॉपवरून काढलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून परत येऊ शकतं. दोन्हीकडून काढा.

आणि डिफेंडरमधली ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी जरूर उघडा. शहरातल्याच एका दुकानाने फॉरमॅट करून दिलेल्या कॉम्प्युटरवर त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे पहारेकरी नेमला आणि घराकडे बघू नको असं त्याला सांगून ठेवलं. कारण साधं: चोरीचं विंडोज चालवायच्या टूलला डिफेंडर पकडतो, म्हणून त्याचेच डोळे बांधायचे. नोटिफिकेशनच्या तक्रारीवर सरळ फॉरमॅट सुचवणाऱ्याला म्हणूनच दोन प्रश्न विचारा: फोटोंची प्रत कुठे ठेवणार, आणि विंडोज लायसन्सचं टाकणार का? दुसऱ्या प्रश्नाला ‘सब चलता है भिया’ असं उत्तर आलं तर लॅपटॉप पिशवीत घालून घरी या. विंडोज सिक्युरिटीच्या ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली अ‍ॅप्स अडवायचा पर्याय आहे, तो चालू करा, आणि रोजच्या वापरासाठी आई-बाबांचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ठेवू नका, काही बसवायचं झालं की पासवर्ड मागेल, तो मुलाकडे राहू द्या.