कामांना बाहेर पडण्याआधी गेम डाउनलोडला लावा

शनिवारी दळण, बँक, भाजी अशी कामं असतील आणि संध्याकाळी मित्र नवा गेम खेळायला येणार असतील, तर डाउनलोड सकाळी चप्पल घालण्याआधीच सुरू करा. डिस्क आणली तरी पहिल्यांदा टाकल्यावर बरेचदा मोठं अपडेट येतं. आमचे चौघे मित्र एकदा पोहे संपवून टीव्हीवर ‘३८ टक्के’ बघत बसले होते, फार वाईट वाटलं.

हिशेब असा: १०० जीबीच्या गेमला १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर साधारण सव्वादोन तास, ४० वर साडेपाच तास. तेही पूर्ण वेग मिळाला तर. (एमबीपीएसमध्ये मेगाबिट असतात, म्हणून सेकंदाला किती मेगाबाइट उतरतात ते काढायला आकड्याला ८ ने भागायचं.)

प्लेस्टेशन ५ असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर सेव्हिंग उघडा. तिथे रेस्ट मोडमध्ये (म्हणजे यंत्र पूर्ण बंद न करता नुसतं झोपवलेलं असताना) इंटरनेट चालू ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करा. यूएसबीला वीज देण्याचाही चालू करा, म्हणजे कंट्रोलरही चार्ज होतात. आधी जागा मात्र तपासा. जागा अपुरी असेल तर डाउनलोड अडकतं आणि ते कळतं गिरणीतून परत आल्यावर. भिंतीवरचं बटण बंद करू नका, हे घरात सगळ्यांना सांगून निघा.