प्रोलॉगमध्ये फायनाइट डोमेन सॉल्व्हर लिहिताना या चुका टाळा

फायनाइट डोमेन सॉल्व्हर म्हणजे प्रत्येक चलाच्या शक्य किमतींचा संच (डोमेन) अटींनुसार लहान करत उत्तर शोधणारा प्रोग्राम. तो लिहिणाऱ्याचे बहुतेक लक्ष डोमेन लहान करण्याच्या गणितावर असते. घातक चुका मात्र दोन चले एकरूप होतात (युनिफिकेशन) तिथे आणि शोध मागे फिरतो (बॅकट्रॅकिंग) तिथे लपलेल्या असतात. पुढील विवेचन एसडब्ल्यूआय-प्रोलॉग (प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रामिंग भाषेची एक प्रणाली) धरून केले आहे.

क्ष चे डोमेन १ ते ५ आणि य चे ४ ते ९ असताना दोन्ही चले एकरूप झाली, तर ४ ते ५ हा छेद काढून थांबणे पुरेसे नाही. दोघांना जोडलेले प्रोपगेटर (एकेक अट लागू करून डोमेन लहान करणारे कोडचे तुकडे) एकत्र करून पुन्हा चालवले नाहीत, तर एका चलावरील अटी निमूटपणे नाहीशा होतात आणि चुकीची उत्तरे मिळतात. शिवाय एकाच युनिफिकेशनमध्ये अनेक चलांना किमती मिळू शकतात आणि एसडब्ल्यूआयचा हुक (अशा वेळी आपोआप बोलावला जाणारा कोड) त्यानंतर चालतो. म्हणून दुसरे चल अजून चलच असेल, हे कोणत्याही प्रोपगेटरने गृहीत धरू नये.

अट कायमची पूर्ण झाली की तिचा प्रोपगेटर बंद करतात. बंद असल्याची ही खूण एनबी_सेटआर्गने, म्हणजे ज्याचा बदल बॅकट्रॅकिंगमध्ये पुसला जात नाही अशा प्रेडिकेटने, केल्यास दुसऱ्या फांदीतही तो बंदच राहतो. माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे अवस्थेसाठी एक मोकळे चल ठेवणे आणि प्रोपगेटर बंद करताना त्याला ‘मृत’ ही किंमत देणे, कारण मागे फिरताना प्रोलॉग ते स्वतःच मोकळे करते. चालायच्या प्रोपगेटरांची रांग जागतिक चलात ठेवली असेल, तर अपयशानंतर तिच्यात जुने काम उरत नाही ना, तेही तपासावे.

अटीतून मर्यादा काढताना ऋण गुणकाने भागले, तर खालची आणि वरची मर्यादा अदलाबदल करायला विसरू नये.

सॉल्व्हर अडकल्यासारखा वाटला की रांगेलाच दोष देण्याची घाई होते, पण कारण अटींमध्येही असू शकते. क्ष > य आणि य > क्ष या अटी ० ते १०,००,००० या डोमेनवर घातल्या, तर प्रत्येक वेळी मर्यादा एक-दोननेच सरकते आणि विसंगती उघड होण्यास प्रोपगेटर सुमारे ५ लाख वेळा चालावे लागतात. डोमेनला वरची मर्यादाच नसेल, तर ही प्रक्रिया संपतच नाही.

पहिले उत्तर बरोबर आणि पुढची चुकीची, हे अवस्था नीट न पुसल्याचे ठळक लक्षण आहे, त्यामुळे चाचणीत सर्व उत्तरे मोजावीत: आठ वजिरांच्या कोड्याची (बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांना मारणार नाहीत असे आठ वजीर ठेवणे) ९२ उत्तरे यायला हवीत, आणि चलांना किमती देण्याचा क्रम बदलला तरी ती संख्या बदलता कामा नये.