टॉवेलवाल्याने सांगितलेलं गाडीचं पॉलिश आणि वॅक्स

आमचा धंदा टेरी टॉवेलचा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ओळखीतल्या कुणी नवी गाडी घेतली की पहिला फोन मला येतो: "सेकंडच्या मालातले चार-सहा टॉवेल ठेवा की, गाडी पुसायला." टॉवेल मी देतो, पण ते टायरला आणि पायाखालच्या मॅटला वापरा, रंगाला लावू नका असं बजावूनच देतो. आपल्याच मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार बघून लोक हसतात.

कारण साधं आहे. कोऱ्या टॉवेलच्या सुतात खळ आणि सॉफ्टनर राहिलेलं असतं. काठाची शिलाई कडक असते. आणि टॉवेलवरचा सुती फासा, म्हणजे धाग्याचा उभा वेढा, पाणी छान पितो, पण धुळीचा कण एकदा अडकला की तो वरच्यावर घासत राहतो. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड निघतो. त्यावर सोलापूरची धूळ कोरड्या फडक्याने रोज फिरवली की वर्षभरात गोल गोल बारीक ओरखडे पडतात. भर दुपारी बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब बघा, त्याच्याभोवती ते स्पष्ट दिसतात. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात.

चकाकी येते ती पृष्ठभाग सपाट असल्यामुळे. पॉलिश क्लिअर कोट अगदी किंचित घासून सपाट करतं. वॅक्स त्यावर बसून त्याला जपतं. म्हणजे ओरखड्यांवर नुसतं वॅक्स चोळलं तर थोडे दिवस ते झाकल्यासारखे वाटतात आणि मग परत वर येतात. क्रम असा: धुणं, डाग काढणं, क्ले (रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), पॉलिश, वॅक्स.

वेळ निवडताना एप्रिल-मे सोडूनच द्या. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली, जानेवारीतली सकाळ सगळ्यात चांगली. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, सावलीत. पत्र्यावर हाताची मागची बाजू ठेवा. ऊब लागली तर थांबा. गरम पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं आणि पॅड फरफटतो.

आता पाणी. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून गाडीला बोअरचंच मिळतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. थेंब उन्हात वाळला की पांढरा ठिपका मागे राहतो. माझी पद्धत अशी की धुवायला बोअरचं घ्या, शेवटच्या विसळणीपुरती नळाच्या पाण्याची एक-दोन बादली राखून ठेवा. शाम्पू गाडीचाच घ्या. कपड्याची पावडर नको, भांड्याचं लिक्विड तर नकोच, ते आधीचं वॅक्स उतरवून टाकतं. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक हातमोजा विसळायची. टपापासून खाली या. दाराचा खालचा पट्टा आणि बंपर शेवटी, वेगळ्या कपड्याने. वॉशिंग सेंटरवर खालचा चिखल पुसलेलं फडकंच बॉनेटवर फिरताना मी पाहिलंय, तेव्हापासून गाडी घरीच धुतो.

पांढरे ठिपके राहिलेच तर किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी मिसळा, ओल्या कपड्याने मिनिटभर ठिपक्यावर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. वाळू देऊ नका. त्यानंतरही कडा दिसत असेल तर पाण्याने क्लिअर कोट खाल्लाय. ते पॉलिशनेच जाईल.

मग पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या ओल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर जाणवली तर क्ले बार लागणार. रुळांजवळ राहणाऱ्यांना ही खरखर हमखास मिळेल, चाकांचे लोखंडी कण उडत असतात. पत्रा ओला, निसरडा ठेवून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा, मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडला तर टाकून द्या. महाग असतो हे खरं, पण त्यात चिकटलेली खडी त्याहून महागात जाते.

पॉलिशला हात घालण्याआधी ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशचा नाही, रंगवाल्याचा. मॅट रंगाला पॉलिश-वॅक्स दोन्ही नको. एखादा भाग नुकताच रंगवून आणला असेल तर त्यावर वॅक्स कधी लावायचं ते रंगवाल्याला विचारा, निदान महिनाभर तरी जाऊ द्या.

काळं प्लास्टिक, रबर आणि पत्र्याच्या धारेवर मास्किंग टेप लावा, कारण धारेवर थर सगळ्यात पातळ असतो. मशीन घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए, ज्याचा पॅड फिरता फिरता डोलतोही. नुसतं गोल फिरणारं रोटरी नवख्याच्या हातात नको, एका जागी थांबलं की रंग जाळतं. फोमच्या पॅडवर हरभऱ्याच्या दाण्याएवढे चार थेंब, दोन बाय दोन फुटांचा चौकोन. आधी कमी वेगावर पसरवा, मग मध्यम वेगावर उभे आणि आडवे हात, प्रत्येक हात आधीच्या अर्ध्यावर चढलेला. तीन-चार फेऱ्या. हात सावकाश चालवा. बहुतेकांची घाई इथेच होते. पुसा, टॉर्च तिरपा धरून बघा. आधी बारीक पॉलिशच वापरून बघा. भागलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं भरड पॉलिश, आणि कंपाउंडनंतर पुन्हा बारीक पॉलिश. पॅडमध्ये गाळ साचला की ब्रशने झाडा. हाताने केलं तरी रंग उजळतो, पण खोल स्वर्ल जात नाहीत, खांदा मात्र जातो. हे काम दर महिन्याचं नाही, दर वेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो. दीड-दोन वर्षांतून एकदा बास.

पॉलिशचं तेल राहिलेलं असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसून घ्या.

वॅक्सबद्दल आमच्या दाजींचा समज होता की थर जाड तितकी चमक जास्त. अर्धी डबी संपवून, गाडी उन्हात ठेवून जेवायला बसले. ताई बाहेर येऊन म्हणाली, "गाडीला पावडर लावलीय काय ओ?" असं वाळलं तर खरवडू नका, त्यावरच त्याच वॅक्सचा पातळ हात द्या, थोडं मऊ पडू द्या आणि लगेच पुसा. जादा थर वाया जातो, बसतो तेवढाच बसतो. फोमच्या अ‍ॅप्लिकेटरने एका वेळी एकच भाग घ्या, पांढुरकी झाक आली की बोट फिरवून बघा. स्वच्छ रेघ उमटली की पुसायला तयार.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून येतं, 82 ते 86 अंशाला वितळतं. दिसायला त्याची खोली सुंदर, गडद रंगावर तर फारच. पण आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांत उतरतं. गाडी दिवसभर उघड्यावर राहत असेल तर सरळ सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं कृत्रिम लेपन, घ्या, ते काही महिने टिकतं. पाण्याचे थेंब गोल उभे राहायचे बंद झाले की पुन्हा लावायची वेळ झाली.

पुसायला मायक्रोफायबर, साधारण 350 जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं), बिनशिलाईच्या काठाचं; लेबल कापून टाका. पाणी टिपायला जाडसर मोठं वेगळं. ही फडकी सुती टॉवेलसोबत धुऊ नका, आमच्या टॉवेलची लव त्यांना चिकटते आणि सुटता सुटत नाही. सॉफ्टनर घालू नका, सावलीत वाळवा. पॉलिशचं, वॅक्सचं आणि टायरचं फडकं वेगवेगळ्या रंगाचं ठेवा, म्हणजे घरात कुणीही उचललं तरी गोंधळ नाही.

आणि कडुलिंबाखाली गाडी लावलीत, पक्ष्याने घाण केली, तर नखाने खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवा, भिजलं की अलगद उचला.