जुनं घर भर पावसात तपासा

गोव्यातलं जुनं घर तपासायचं तर जुलै महिना धरा. मुंबई-पुण्याला असलेली भावंडं दिवाळीनंतर नाहीतर मे महिन्यात येतात. तेव्हा ओल सुकलेली असते, भिंतींना नवा रंग असतो, आणि घर ठणठणीत आहे असं म्हणून सगळे परत जातात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर खचतं ते या पाण्यानं. आमचं घर डिचोली तालुक्यातलं, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, वर मंगळुरी कौलं. ते मी दरवर्षी एकच गोष्ट शोधत बघते: पाणी कुठून शिरतं आणि कुठं अडून बसतं.

आधी माळ्यावर चढा. पाऊस उघडला की भर दुपारी, दिवा न लावता. छपरात उजेडाची टिकली दिसली तर तिथलं कौल फुटलंय किंवा माकडांनी सरकवलंय. ते बदलणं सोपं. जास्त काळजी करायची ती दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीची. पत्रा गंजतो, आंब्या-फणसाचा पाला साचतो आणि पाणी उलटं कौलांखाली घुसतं. राजांगणाच्या घराला आतल्या कोपऱ्यांत अशा चार पन्हळी असतात, आणि त्यांच्याखालचं लाकूड सगळ्यात आधी कुजतं.

सोबत दाभण न्या. वासा मधे टणक दिसतो, पण त्याचं भिंतीत गेलेलं टोक बघायला हवं, कारण तिथं हवा लागत नाही. चांगल्या लाकडात दाभणाचं नुसतं टोक रुतेल. बोट-दोन बोटं आत गेलं तर सुताराला बोलवा. वाळवीची मातीची रेघ दिसली तर थोडी खरवडून टाका आणि आठवड्यानं परत बघा. रेघ पुन्हा भरली असेल तर वाळवी जिवंत आहे. खाली फिकट, ताजा भुसा पडत असेल तर भुंगा लागलाय. चुली बंद झाल्या, वाशांना धूर लागेना, म्हणून कीड वाढली असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, आणि मला ते पटतं.

भिंतींबद्दल मी हट्टी आहे. चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते करू देतो, सिमेंटचा देत नाही. वरून सिमेंट आणि त्यावर प्लास्टिक पेंट मारला की ओल आतच कोंडते आणि वर वर चढत जाते. जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत बोटांच्या पेरांनी ठोकत जा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. पांढरा लोणा (क्षार) फुटलेला दिसला तर त्यावर वॉटरप्रूफ रंग मारू नका. सुटलेलं सिमेंट काढा, चिरा सुकू द्या, मग चुना लावा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायला वेळ लागतो, पण थांबा त्याच्यासाठी.

ओल येते कुठून? बाहेर जाऊन जोतं बघा. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो आणि एके काळी उंच असलेलं अंगण खाली जातं. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर पाऊस संपल्यावर तिथं आधी उतार आणि गटार करा. रंगाचे पैसे नंतर. चिऱ्यांच्या सांध्यात पिंपळाचं रोप असेल तर मुळासकट काढा, नुसतं छाटून भागत नाही.

भेगांना घाबरू नका, त्यांच्यावर लक्ष ठेवा. भेग संपते तिथं पेन्सिलीनं आडवी खूण करून तारीख लिहा. पाऊस सरल्यावर भेग खुणेच्या पुढे गेली, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत असली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ओळंबा सोडून भिंत बाहेर झुकली आहे का तेही पाहा. खोली मोकळी दिसावी म्हणून कुणी आडवी तुळई कापली असेल, तर छपराचा रेटा थेट भिंतीवर येतो. हे मात्र लांबणीवर टाकू नका.

वायरिंग जुन्या लाकडी पट्टीवरचं असेल तर पूर्ण बदला, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. गळक्या छपराखाली ही काटकसर जिवावर बेतते. विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर तपासायला द्या, विशेषतः संडासाचा शोषखड्डा वरच्या अंगाला असेल तर.

राहिले कागद. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा, घरपट्टीवर कुणाचं नाव आहे ते बघा. अजून आजोबांचंच असेल तर मोठ्या दुरुस्तीत पैसे घालण्याआधी सगळ्या वारसांशी बोला आणि इन्व्हेंटरीबद्दल, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायच्या कोर्टातल्या प्रक्रियेबद्दल, वकिलाला विचारा. आपल्याकडच्या कायद्यानं नवरा-बायकोचा सहसा निम्मा-निम्मा हक्क असतो, त्यामुळे भावांबरोबर वहिन्यांनाही त्या बोलण्यात बसवा. छप्पर उतरवायचं ठरलं तर पंचायतीचा परवाना दिवाळीच्या आसपासच मागा, म्हणजे मे महिना संपायच्या आत कौलं परत चढतील.