मेलिंग लिस्टचे बाउन्स: नाव काढण्याआधी कोड वाचा

मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सदस्यांना धाडणारी यादी) चालवायला घेतली की पहिला सल्ला ठरलेला: 'मेल परत आला ना, मग तो पत्ता काढून टाक.' हा सल्ला ऐकू नका. अशाने नेमाने वाचणारे सदस्य गळतात आणि खरा बिघाड जागच्या जागी राहतो.

आधी स्पॅमचं उरकून घेऊ, ते सोपं आहे. पोस्ट करण्याची मुभा फक्त सदस्यांना. नव्या सदस्याचे पहिले काही मेल मॉडरेटरच्या हाताखालून जाऊ द्या. पुष्टीच्या मेलमधली लिंक दाबल्याशिवाय कोणाचंही नाव चढवू नका. अडवलेला स्पॅम मात्र मुकाट्याने टाकून द्यायचा. 'तुमचा मेल नाकारला आहे' असं आपोआप जाणारं उत्तर आजच बंद करा. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा म्हणून जो पत्ता असतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. तुमचं उत्तर त्या बिचाऱ्याकडे जातं, आणि काळ्या यादीत जातो तुमचाच सर्व्हर.

आता बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेला मेल. तो उघडा, वरचा दिलगिरीचा मजकूर सोडून द्या आणि खाली 'डायग्नोस्टिक-कोड' ही ओळ शोधा. तिथे आधी तीन आकडी कोड असतो. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. तुम्ही काही करू नका.

५ म्हणजे ठाम नकार, आणि घोळ होतो तो इथेच. नकार म्हणजे पत्ता मेला, असं नव्हे. त्याच्या शेजारचा टिंबांचा कोड वाचा. ५.१.१ असेल तर असा पत्ताच नाही, खुशाल काढा. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय. थोडे दिवस थांबा. ५.७ ने सुरू होणारा कोड दिसला, तर पत्त्याला धाड भरलेली नाही. समोरच्या सर्व्हरने तुमच्या लिस्टचा मेल आपल्या धोरणानुसार नाकारलाय. एकाच पोस्टनंतर एकाच सेवेवरचे ढीगभर पत्ते बाउन्स झाले, तर बहुधा हीच भानगड. एका रात्रीत इतके लोक मिळून खाती बंद करत नाहीत.

होतं काय, तर पाठवणाऱ्याच्या डोमेनने (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाने) डीमार्कमध्ये, म्हणजे बनावट पाठवणारे रोखण्याच्या नियमात, 'पडताळणी झाली नाही तर मेल नाकारा' असं सांगून ठेवलेलं असतं. तुमची लिस्ट विषयाआधी कंसात स्वतःचं नाव लावते, तळाला चार ओळी चिकटवते. तेवढ्याने डीकेआयएमची, म्हणजे मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी, सही मोडते. एसपीएफ, म्हणजे मेल धाडणाऱ्या सर्व्हरला डोमेनची परवानगी आहे का ही तपासणी, जुळते, पण लिस्टच्या डोमेनशी, लेखकाच्या नव्हे. मेल नाकारला जातो आणि बाउन्सचा गुण (लिस्टचं सॉफ्टवेअर बाउन्स मोजायला मांडतं तो) चढतो तो निव्वळ वाचणाऱ्याच्या नावावर! एप्रिल २०१४ मध्ये याहू आणि पाठोपाठ एओएल या मेल सेवांनी हे धोरण लावलं, तेव्हा जगभरच्या लिस्टांवर हाच गोंधळ उडाला होता.

उपाय लिस्टच्या सेटिंगमध्ये आहे. मेलमॅन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा डोमेनवरून आलेल्या मेलचा 'फ्रॉम' पत्ता बदलून लिस्टचा करता येतो. लेखकाचं नाव दिसत राहतं. दिसायला ओंगळ आहे, मला मुळीच आवडत नाही, तरी हेच करा. सदस्यांना 'दुसरा पत्ता घ्या' म्हणून सांगत बसणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. बदल झाला की ज्यांचे मेल थांबवले गेले होते, त्यांचे गुण पुसून त्यांना पुन्हा सुरू करा. हे बरेच जण विसरतात.

गुणांचीही एक मेख आहे. मेलमॅन मूळ सेटिंगनुसार ५ गुणांना मेल थांबवतो, दिवसाला फार तर एक बाउन्स मोजतो आणि ७ दिवस नवा बाउन्स आला नाही तर मागचं विसरतो. पंधरा दिवसांनी एखादा मेल जाणाऱ्या लिस्टवर मेलेले पत्ते मग कधीच निघत नाहीत. तिथे ही मुदत वाढवा.

बाउन्समध्ये दिसणारा पत्ता यादीत सापडतच नसेल, तर सदस्याने जुन्या पत्त्याचे मेल पुढे वळवलेले असतात. 'व्हर्प' ही सोय चालू करा. प्रत्येक मेलच्या परतीच्या पत्त्यातच सदस्याचा पत्ता गुंफला जातो आणि शोधाशोध संपते.

कोणी 'मला काढा' असं लिहिलं, तर कारण न विचारता लगेच काढा. नाहीतर तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि त्याचा बाउन्स येत नाही.