बडी गायचा लाईव्ह शो नीट ऐकायचा असेल तर

अमेरिकन ब्लूज गिटारवादक आणि गायक बडी गायबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते, की हा माणूस स्टेजवर एक गाणं धड पूर्ण करत नाही, दोन कडवी म्हणतो, मधेच थांबून गप्पा मारतो आणि दुसऱ्याच गाण्यात शिरतो. तक्रार खरी आहे. पण गाणी मोजत बसलात तर त्याच्या शोमधली खरी गंमत हातातून जाईल, कारण त्याचं सगळं कसब आवाज किती खाली नेता येतो आणि तिथून एका झटक्यात किती वर फेकता येतो ह्यात आहे.

आधी थोडी तयारी. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, त्याचा साचा बारा बारचा, एका बारमध्ये चार ठोके, बारावा बार संपला की परत पहिल्यावर, म्हणजे आपल्याकडे आवर्तन संपून समेवर येतात ना, अगदी तसंच समजा. शब्द साधारण तीन ओळींचे, पहिली ओळ, मग तीच परत, मग तिसरीत तिचं उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात पण गाणं त्यातले दोनेक बारच खातं, उरलेल्या जागेत गिटार बोलते. ही उरलेली जागा पकडायला शिका बस्स, बाकी थिअरी नाही आली तरी चालेल. स्लो ब्लूज लावा आणि बोटांवर बार मोजा, चार-पाच आवर्तनांत अंगात भिनतं.

आता मुख्य गोष्ट. स्लो गाणं चालू असताना बडी बँडला हातानं खाली, अजून खाली अशी खूण करतो, ड्रमर काड्या जेमतेम टेकवतो, कीबोर्डवाला एखादा सूर धरून ठेवतो, आणि बडी गिटारचा व्हॉल्यूम इतका उतरवतो की तारेवर पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) घासल्याचा आवाज ॲम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, आवाजाइतकाच ऐकू येतो. मग कधी कधी तो माईकपासून लांब होऊन नुसत्या गळ्यानं एक ओळ म्हणतो. अख्खा हॉल चिडीचूप. आणि नेमकं लोक पुढे झुकून ऐकायला लागले की एकच सूर, पूर्ण व्हॉल्यूमवर, तार पार वर खेचून, अंगावर आल्यासारखा. यूट्यूबवर फोनच्या स्पीकरवरून हे कळतच नाही हो, कारण तिथे हळू आणि मोठं सगळं एकाच पातळीला येतं, म्हणून हेडफोन लावा आणि हळू भाग आला की आवाज वाढवायचा मोह आवरा.

तार खेचण्याकडे वेगळं लक्ष द्या. आपले कान मींडेला सरावलेले असतात त्यामुळे हे आपल्याला लवकर सापडतं. तो सुरावर थेट जात नाही, खालून येतो, कधी मुद्दाम थोडा अलीकडेच थांबतो आणि तसाच थरथरवत ठेवतो, ते अपुरं राहिलेलं अंतर म्हणजेच ब्लूज. गळाही तसाच, बोलता बोलता एकदम पट्टी सोडून किंचाळीत जातो. १९६० ची 'फर्स्ट टाइम आय मेट द ब्लूज' ही रेकॉर्ड ऐका, २४ वर्षांचंसुद्धा पोरगं नव्हतं ते आणि गळ्यात काय भीती आणलीय!

प्रेक्षकांत गिटार वाजवत फिरणं, टॉवेलनं किंवा ड्रमच्या काडीनं तारा वाजवणं, पाठीमागे गिटार नेणं, ह्याला बरेच जाणकार नाटक म्हणतात. मला ते पटत नाही. लुइझियानात वाढत असताना त्याने गिटार स्लिम ह्या ब्लूज गिटारवाल्याला लांबलचक केबल लावून दारातूनच वाजवत येताना पाहिलं आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यात बसलं. १९५७ ला शिकागोला आला तेव्हा तिथे मडी वॉटर्ससारखे दिग्गज गाजत होते, बरेच जण खुर्चीत बसून वाजवायचे, त्यांच्यात उभं राहायचं तर काहीतरी वेगळं हवंच होतं. तो फिरत असताना त्याच्याकडे कमी आणि बँडकडे जास्त बघा, त्याची पाठ वळलेली असतानाही ते बारा बार कसे घट्ट धरून ठेवतात ते बघण्यासारखं असतं.

आणि त्या अर्धवट गाण्यांचं काय? बऱ्याचदा तो मडी वॉटर्सचा तुकडा वाजवतो, मग जॉन ली हूकर ह्या जुन्या ब्लूजवाल्याचा, मग एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेंड्रिक्स ह्या रॉक गिटारवाल्यांचा. ह्यातले पहिले दोघं त्याच्या आधीचे आणि शेवटचे दोघं त्याचं ऐकून घडलेले, म्हणजे दहा मिनिटांत तो अख्खी वंशावळ ऐकवतो. बडी ज्यांच्यासाठी रेकॉर्ड करायचा त्या चेस रेकॉर्ड्स कंपनीच्या लेनर्ड चेसला बडीचा स्टेजवरचा आवाज गोंगाट वाटायचा, स्टुडिओत त्याला दाबून ठेवलं जायचं. पुढे क्रीम (क्लॅप्टनचा बँड) आणि हेंड्रिक्सच्या तशाच गोंगाटी रेकॉर्ड्स धडाधड खपायला लागल्यावर त्याच चेसनं बोलावून घेतलं आणि वाकून मला लाथ मार म्हणाला, हे बडी स्वतः सांगतो. म्हणून त्याच्या जुन्या स्टुडिओ रेकॉर्ड्सवरून त्याला जोखू नका.

ऐकायचा क्रम मी असा सुचवेन. आधी मडी वॉटर्सचा १९६४ चा 'फोक सिंगर' हा अल्बम, त्यात बडी साध्या अकूस्टिक गिटारवर आहे आणि किती कमी वाजवतो ते ऐका, संयम काय चीज आहे ते तिथे कळतं. मग १९९१ चा 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज', ज्याने त्याचं नाव परत सगळीकडे नेलं. मग 'लाईव्ह ॲट लेजंड्स', शिकागोत १९८९ ला सुरू केलेल्या त्याच्या स्वतःच्या क्लबमधलं रेकॉर्डिंग. त्या क्लबात तो वर्षानुवर्षं जानेवारीत वाजवत आलाय, शिकागोकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी थंडीला न घाबरता जावं. मुंबईतही २०११ ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी तो आला होता.

२०२३ ला त्याने फेअरवेल टूर, म्हणजे निरोपाचा दौरा, काढली, तेव्हा आता कुठे तो वाजवतोय कळलं तर पुढच्या वेळी बघू म्हणू नका. जागा शक्यतो मधली घ्या, स्पीकरला अगदी खेटून बसलात तर वरचा आवाज कान फोडेल आणि खालच्यासाठी कान बधिर होतील. टाळी द्यायची तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, आपल्याला पहिल्यावर द्यायची सवय असते आणि त्यानं गाण्याचा डौल बिघडतो. तो अगदी हळू वाजवत असेल तेव्हा मात्र टाळी नको, शिट्टी नको, दाद सूर सुटल्यावर द्या.