स्लॅबमधल्या रुपयाचा भाव कसा जोखायचा

ग्रेडिंग कंपनीने तपासून प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद डबीत, बंद केलेला ब्रिटिशकालीन कलदार रुपया हातात आला की नजर आधी लेबलवरच्या 'एमएस ६३'वर जाते (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', न वापरलेलं नाणं). विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण तो आकडा नाण्याची अवस्था सांगतो, भाव नाही. १ ते ७० या मोजपट्टीवर ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं, ५० ते ५८ म्हणजे अगदी पुसट झीज. १९१८चा रुपया कोट्यवधींनी पाडला गेला होता. स्लॅबमध्ये गेला म्हणून तो दुर्मीळ होत नाही.

आधी लेबल नीट वाचा. आकड्याऐवजी किंवा आकड्यासोबत 'डिटेल्स' लिहिलं असेल तर नाणं घासलेलं, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे. आपल्याकडे रुपये गळ्यात घालायची रीत होती, त्यामुळे कडेवर कडीचा टाका काढल्याची खूण बऱ्याच नाण्यांवर सापडते. अशा नाण्याची तुलना साध्या ग्रेडच्या नाण्याशी करायचीच नाही, विक्रेता कितीही म्हणाला की 'दिसायला तर एमएसच आहे.' प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं नाणं असेल, तर लेबलवर 'रीस्ट्राइक' शब्द आहे का तेही पाहा. मुंबई टांकसाळीने जुन्या साच्यांवरून नंतर पाडलेले प्रूफ सुंदर असतात, पण त्यांना मूळ प्रूफचा भाव द्यायचं कारण नाही.

मग टांकसाळ. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळच्या कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. एकाच सालात दोन्हींच्या भावात मोठा फरक पडू शकतो, म्हणून १० पट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या.

आता तळाचा भाव काढा. सहाव्या जॉर्जच्या १९३९पर्यंतच्या रुपयासह आधीचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदीचे. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. झवेरी बाजारात चांदी किलोला १ लाख धरली, तर पहिल्याची चांदी १,०६९ रुपयांची आणि दुसऱ्याची ५८३ची. त्या दिवशीचा खरा दर घालून हिशेब करा. १९४७चा रुपया निकेलचा, तिथे चांदीचा हिशेब लागू नाही. शिवाय तो लोहचुंबकाला चिकटतो. चिकटला म्हणून खोटं ठरवू नका.

खरा भाव ठरतो तो झालेल्या विक्रीवरून. ऑनलाइन यादीतली मागणीची किंमत कोणी कितीही लिहावी, तिला अर्थ नाही. तेच साल, तीच टांकसाळ, तोच प्रकार, तोच ग्रेड असलेले गेल्या दीड-दोन वर्षांतले किमान पाच लिलाव-निकाल शोधा आणि चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. एका हट्टी बोलीदाराने उडवलेला आकडा त्यातून आपोआप गळतो. लिलावघराने छापलेला आकडा हातोड्याचा, म्हणजे नुसत्या शेवटच्या बोलीचा आहे की खरेदीदाराच्या कमिशनसह, हे मात्र तपासा. हातोडा २०,०००वर पडला आणि कमिशन १५ टक्के असेल, तर घेणाऱ्याने २३,००० आणि वर जीएसटी मोजलेला असतो. फोर्टातल्या दुकानदाराचे २४,००० मग तितकेसे वाईट वाटत नाहीत. सामान्य सालाच्या नाण्यात चांदीच्या दराचा मोठा हात असतो, त्यामुळे दर पुष्कळ खाली असतानाचा निकाल तसाच्या तसा वापरू नका.

एकाच ग्रेडची दोन नाणी सारखी नसतात. स्लॅब एका दिव्याखाली सावकाश तिरका फिरवा. निकोप नाण्यावर चकाकी चक्रासारखी फिरते. ती एका जागी थिजलेली दिसली तर पृष्ठभाग घासलेला किंवा वारंवार धुतलेला असण्याची शक्यता. व्हिक्टोरियाचा गाल आणि केस, पंचम जॉर्जचा कान आणि झग्यावरचा हत्ती, ही झीज आधी दिसायच्या जागा. गालावर ठळक ओरखडा असलेल्या एमएस ६३ला मधल्या आकड्याच्या खालीच थांबा. निळसर-सोनेरी, नैसर्गिक झाक असेल तर थोडं वर जायला हरकत नाही.

'या ग्रेडमध्ये जगात फक्त तीन' असं ऐकलं की सावध व्हा. ही संख्या ग्रेडिंगला आलेल्या नाण्यांची असते, अस्तित्वात असलेल्यांची नव्हे. स्वस्त नाणं फीचे पैसे घालून कोण पाठवणार? उलट एकच नाणं स्लॅब फोडून पुन्हा पाठवलं की दोनदा मोजलं जातं.

स्लॅबही खोटे निघतात. लेबलवरचा क्रमांक एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी ग्रेडिंग कंपन्यांच्या संकेतस्थळावर स्वतःच्या फोनवरून टाका, विक्रेत्याने दाखवलेल्या पानावर विसंबू नका. नोंद सापडली एवढ्याने काम भागत नाही, कारण खऱ्या नाण्याचा क्रमांक खोट्या लेबलवर छापता येतो. तिथे फोटो असेल तर एखादा ठिपका किंवा ओरखडा त्याच जागी आहे का ते जुळवा. १९३९च्या रुपयाला तर फोटो जुळल्याशिवाय हात लावू नका, त्याच्या नकला फार. चोरबाजारात स्लॅब फार स्वस्त मिळाला तर आधी हीच तपासणी.

शेवटी घासाघीस करताना 'हे ग्रेडिंगला पुन्हा पाठवलंत तर ६४ मिळेल' असं म्हणून पुढच्या ग्रेडचा भाव मागितला जातो. तो देऊ नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे १९१८चा रुपया अमेरिकेला धाडायचा बेत तिथेच संपतो. भाव आज लेबलवर जे छापलंय त्याचाच.